धवला नसलेल्या मांडवात

परत आल्यापासून रविवारी उपासना सुटली की बायका मला गाठतात. "रूथबाई, समुद्र कसा असतो? लोक कसे? आणि त्या पोरीचं लग्न झालं का शेवटी?" एकेकीला सांगून घसा बसला, म्हणून आपल्या मंडळीच्या पत्रिकेसाठी हे लिहून देते. मी सहावीत शाळा सोडली. वाक्य कुठं वाकडं गेलं तर सांभाळून घ्या.

मला का बोलावलं ते आधी सांगते. आपल्या शेवगावकडचे पाळक योहानभाऊ बरीच वर्षं रायगडच्या किनाऱ्यावर सुवार्तेचं काम करतात. त्यांच्या मंडळीत निलेश आणि कविता ही दोन कोळी मुलं. दोघांनी प्रभूला मानलं आणि दोघांचं लग्न ठरलं. कविताचे वडील हिराजी तांडेल, म्हणजे मासेमारीच्या होडीचे प्रमुख. ते विश्वासात नाहीत, पण जावई त्यांना पसंत होता. त्यांची अट एकच होती. लग्नात धवला झाला पाहिजे.

धवला म्हणजे तिकडची लग्नाची गाणी. आपल्याकडं भटजी किंवा पाळक लग्न लावतो, तिकडं पिढ्यान्‌पिढ्या एक म्हातारी बाई गाऊन लग्न लावत आली. तिला धवलारीण म्हणतात. ती सगळ्या देवांना नावं घेऊन आवतन देते आणि मग एकेक विधी गाण्यातून पुढं नेते. योहानभाऊंचं म्हणणं, दुसऱ्या देवांना आवतन दिलेल्या मांडवात मी आशीर्वाद देणार नाही. हिराजींचं म्हणणं, धवल्याशिवाय लग्न म्हणजे पोर नुसती पाठवून दिल्यासारखं, मांडवच सोडतो. पोरगी मधल्या मध्ये. भाऊंनी निरोप धाडला, की धवल्याच्या जागी येशूची गाणी म्हणेल अशी गळा असलेली बाई पाठवा. पंचांनी माझं नाव घेतलं. मी नको नको म्हणत होते आणि पिशवी भरत होते.

रेवस

भाऊच्या धक्क्यावरून लाँच निघाली तेव्हा मी दोन्ही हातांनी बाक धरला होता. पाणी म्हटलं की मला विहीर माहीत, पाटाचं पाणी माहीत. हे पाणी एका जागी राहतच नव्हतं. थोड्या वेळात पोटातलं सगळं वर आलं, डोळ्यांतून पाणी आलं. शेजारी रिकामी टोपली मांडीवर घेऊन एक कोळीण बसली होती. तिनं माझी मान धरून वर केली.

"खाली बगू नको गो. लांब बग, लांब. डोंगर दिसतो ना, त्याला धरून ठेव डोल्यानी."

मी डोंगराला धरून ठेवलं. उतरताना तिनं विचारलं, "कुनाकरं चाललीस?" मी म्हटलं, लग्नाला. "मंग रडतेस कशाला? तुजं लगीन नाय ना?" आणि स्वतःच खदखदा हसली. त्या बाईचं नावही मी विचारलं नाही, पण देवानं तिला माझ्या शेजारी बसवलं होतं असंच मी मानते.

अलिबागला गाडी बदलून पुढं रिक्षा केली. रिक्षावाला दाढीवाला, उंच, गळ्यात रुमाल. आपली जुनी सवय, मी बसता बसता "सलाम" म्हटलं. त्यानं वळून "वालेकुम सलाम" म्हटलं, माझ्या कपाळाकडं पाहिलं, पिशवीतून डोकावणारे टाळ पाहिले आणि गोंधळला. मी सांगितलं, आम्ही नगरकडचे ख्रिस्ती, आमच्यात म्हातारी माणसं असंच भेटतात.

"अच्छा, योहानभाईंची माणसं," तो म्हणाला. "मी दुबईत होतो तेव्हा माझ्या खोलीत एक ख्रिस्ती होता. केरळचा. रोज सकाळी प्रार्थना करायचा, पण मला कधी काही सांगितलं नाय त्यानं. माझ्या आईचा इंतकाल झाला तेव्हा मात्र त्या दिवशी तो जेवला नाय." एवढं बोलून तो रेवदंडा येईपर्यंत रस्त्यातले खड्डे चुकवत राहिला.

कोळीवाडा

रेवदंड्याजवळच्या त्या कोळीवाड्यात शिरलं की आधी वास भेटतो. बांबूच्या दांड्यांवर बोंबील सुकत असतात, तोंडात तोंड अडकवून टांगलेले. आपल्याकडं वाळवणाला लहान पोरं राखण बसतात, तिकडं कावळ्यांसाठी जुनी जाळी वरून टाकतात. योहानभाऊंच्या बायको मार्थाताई यांनी तांदळाची भाकरी आणि जवळ्याचं कालवण वाढलं. जवळा म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी. भाकरी इतकी पांढरी आणि मऊ, की बाजरीच्या सवयीनं मी ती जोर लावून मोडली आणि अर्धी मांडीवर पडली.

दुपारी मार्थाताईंच्या पडवीत बायका जमल्या. कोळणी सकाळी बाजारात आणि संध्याकाळी होड्या येतात तेव्हा बंदरावर, म्हणून तिथली उपासना दुपारची. भाऊंनी सुरुवातीला संध्याकाळी ठेवली होती, तेव्हा वर्षभर कोणी आलं नाही आणि त्यांना वाटलं लोकांची मनं कठीण आहेत. हे मार्थाताईंनीच हसत सांगितलं.

वचन होतं शिष्यांना रात्रभर मासे मिळाले नाहीत आणि प्रभूनं सांगितल्यावर जाळं फाटेस्तोवर मिळाले, ते. आपल्याकडं हे वाचलं की सगळे शांत डोळे मिटतात. तिथं मधेच एकीनं हात वर केला.

"जालं कुठला व्हता?"

"म्हणजे?" मार्थाताई म्हणाल्या.

"डोल की वाना? रातचं टाकायचं जालं दिसाचं टाकला तं मासलीला दिसतो की. पलून जाते."

"आनी जालं धुवून ठेवलेला," दुसरी म्हणाली. "धुतलेला जालं परत पान्यात टाकायला सांगितला? माजा दादला असता तं शिव्याच दिल्या असत्या." सगळ्या हसल्या. मग तीच बाई हळू म्हणाली, "दमल्यावर परत जालं टाकायचं लय जिवावर येतं गो. तरी टाकलान त्यानं. म्हंजे त्या मानसाच्या बोलन्यात कायतरी असंल."

मी हे वचन लहानपणापासून ऐकत आले. त्या माणसानं जाळं आधीच धुतलं होतं, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. शेतात बी पेरणाऱ्याचा येशूचा दाखला मात्र त्यांनी जांभया देत ऐकला. आपल्याकडं त्यावर अर्धा तास वाद होतो.

संध्याकाळी मार्थाताई मला हिराजी तांडेलांकडं घेऊन गेल्या. ते किनाऱ्यावर ओढलेल्या होडीला रंग देत होते. "या, वर या, बघा आमची होरी," असं त्यांनी मानानं म्हटलं आणि मी चढले. चपला घालूनच. कोणी ओरडलं नाही. हिराजींनी फक्त ब्रश खाली ठेवला, बादलीत पाणी घेतलं आणि माझे पाय जिथं जिथं पडले ती फळी धुतली. मार्थाताईंनी डोळ्यांनी खुणावलं तेव्हा मला कळलं. मी चपला हातात घेऊन माफी मागितली.

"तुमाला म्हाईत नव्हतं," ते म्हणाले. "पन बाय, परवा हलद हाय. तेव्हा पन तुमाला म्हाईत नसंल. मंग माज्या पोरीचं काय?" रंगाचा हात पुसत त्यांनी पुढं सांगितलं. पोरीखातर धवला सोडायला ते तयार झाले होते, पण हळद रीतीनं लागायलाच हवी होती. रीतीनं हळद लागली नाही तर कोळीवाड्यात कविताला कोणी सवाशीण म्हणून पाटावर बोलावणार नाही, दुसऱ्याच्या मांडवात तिला हळद कुटू देणार नाहीत. "तुमी चार दिसांनी जाल. ती हतंच ऱ्हानार."

कविता होडीमागच्या घराच्या दारात उभी राहून ऐकत होती.  तिनं मला पाणी आणून दिलं आणि तांब्या परत घ्यायला तिथंच उभी राहिली.

चांगुआयचं अंगण

धवलारणीला येऊ नको म्हणून सांगायचं काम कोणालाच नको होतं. शेवटी मी आणि मार्थाताई गेलो. चांगुआय अंगणात जवळा पसरत होती. बारीक बाई, पाठ सरळ, नऊवारी कोळी पद्धतीनं घट्ट नेसलेली. मी कुठून सुरुवात करावी म्हणून हवापाण्याचं बोलू लागले.

"हलदीला येऊ नको, असंच सांगायला आलीस ना?" ती मान वर न करता म्हणाली. "सरल बोल की. जीभ कशाला लपवतेस?"

मी हो म्हटलं.

"मंग गानार कोन?"

"मी."

"तू? कुठली तू?"

"नगरकडची."

"तिकरं समिंदर हाय?"

"नाही."

"मंग काय येतं तुला?"

मी म्हटलं, ओव्या येतात. माझी आई जात्यावर येशूच्या ओव्या म्हणायची, त्या येतात. तिनं जवळा पसरायचं थांबवलं. "म्हन."

मी एक म्हटली. भीतीनं आवाज चढाच लागला. तिनं ऐकून घेतलं. "गला हाय. पन ही तं त्याची वाखाननी झाली. बोलावलंस कोनाला? लगीन म्हंजे आवतन. आधी बोलवायचं, मंग हलद. ज्याला बोलावलं नाय तो येल कसा?"

मग मी तिला काना गावच्या लग्नाची गोष्ट सांगितली. मला गोष्टी सांगायची सवय नाही, पण ही मला आवडते. लग्न होतं, येशू होता, त्याची आई होती, द्राक्षारस कमी पडला आणि त्यानं पाण्याचा द्राक्षारस केला, पण कमी पडल्याचं आईला आधी कळलं.

"आईलाच कलनार," चांगुआय म्हणाली. "आनी त्याला बोलावलेला की असाच आलेला?"

"बोलावलं होतं. तसं लिहिलंय."

"लिवलंय ना? मंग बोलाव की! तुज्याच पोथीत हाय आनी तुमी नुसतं वाखानत बसता."

 मला वाटलं, हीच वाट आहे, आणि उत्साहाच्या भरात मी नको ते बोलले. "मग आय, तुम्हीच गा ना धवला. फक्त देवांची नावं तेवढी सोडून द्या."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी एक पाऊल मागं सरले.

"माजे देव म्हंजे कालवनातलं खोबरं हाय काय, नको झालं तं बाजूला काढायला? माज्या सासूनं मला धवला दिला तो अख्खा दिला. अर्धा मी बोलनार नाय. तुजा तू गा." आणि जवळा उलटा करायला वाकली. आम्ही निघालो तरी तिनं पाहिलं नाही.

घरी येऊन योहानभाऊंना सांगितलं. आवतनाची गोष्ट ऐकून ते अस्वस्थ झाले. "प्रभू सगळीकडं आहे, रूथबाई. त्याला आवतन कशाला? उद्या लोक म्हणतील, तुमचाही एक देव आमच्या रांगेत बसवला."

मार्थाताई भांडी पुसत होत्या. "मग रविवारी तुम्ही 'ये प्रभू, आमच्यामध्ये ये' असं का म्हणता हो?"

 भाऊंचा हट्ट मला कळत होता. त्यांचे वडील तापानं फणफणत असताना देवऋषी घरात बसून एकेक बकरं मागत राहिला आणि दवाखाना लांबत गेला. वडील गेले तेव्हा भाऊ शाळेत होते. देवांची नावं घेतली की त्यांना ते घर दिसतं. ते शेवटी एवढंच म्हणाले, "गा. पण दुसरं कुठलंच नाव नको. माझा शब्द तेवढा राखा त्यात."

हळद

सकाळी मांडवात उंबराची फांदी उभी केलेली. खाली तांदळाच्या पिठानं चौक लिहिलेला आणि त्यावर पाट. कविता पाटावर बसली होती, समोर हळद कुटायची उखळ, भोवती सवाशिणी. मंडळीतल्या तरुण पोरांनी गिटार आणली होती. माझ्या ओव्यांआधी त्यांनी एक हिंदी गाणं म्हटलं, दुसरं म्हटलं. चांगलं म्हणत होती पोरं. पण मुसळ कोणी उचललं नाही.

आधी मला वाटलं, बायका रागावल्या आहेत. तसं नव्हतं. त्यांना कळतच नव्हतं काय करायचं. कुठल्या ओळीवर मुसळ उचलायचं, कुठल्या ओळीवर पहिला हात कोणाचा, हे सगळं धवल्यात असतं. गाणं नाही तर हात नाही. गिटार थांबली. एक सवाशीण दुसरीला कोपरानं ढोसू लागली, "तू घे", "नाय गो, तू घे." कविताची मान खाली खाली चालली होती. दारात उभे असलेले हिराजी मागं वळले आणि भावाला म्हणाले, "मांडव सोरायला घे."

मी टाळ हातात घेतले. प्रार्थनाही धड सुचेना. आईच्या जात्याची चाल तेवढी आठवली, आणि शब्द तिथंच जुळत गेले.

"येशू माझ्या देवा, तुला आवतन पहिलं,
मांडवाचं दार तुझ्यासाठी उघडं राहिलं."

बायकांनी माना वर केल्या. मी तेच परत म्हटलं. मग पुढं,

"आईला घेऊन ये रे, काना गावी गेला तसा,
उणं पडलं तर सांगू, आमचा तूच भरवसा."

एका म्हाताऱ्या सवाशिणीनं "तूच भरवसा" हे शेवटचे शब्द माझ्या मागून ओढले, त्यांच्याच लांब सुरात. दुसरीनं मुसळाला हात घातला. मला धीर आला आणि मी आपल्याकडच्या रीतीनं वरमाईचं, म्हणजे नवऱ्याच्या आईचं नाव गुंफायला घेतलं. लगेच मुसळ थांबलं. बायका एकमेकींकडं पाहू लागल्या. मी चुकले होते, आणि काय चुकले ते कळत नव्हतं.

"आधी मामा."

आवाज मांडवाबाहेरून आला. चांगुआय कुडाला टेकून उभी होती. सगळे तिच्याकडं वळले तशी ती म्हणाली, "माज्याकरं काय बगता? हलदीला आलेय, धवल्याला नाय. शेजारची पोर हाय माजी." मग माझ्याकडं न पाहताच म्हणाली, "उंबर मामानं आनला. आधी मामाचं नाव घे."

"मामानं आणिली फांदी उंबराची ओली,
त्याच्या सावलीत भाची हळदीनं न्हाली."

मुसळ उठलं आणि पडलं. "आता आय," चांगुआय म्हणाली. मी आईची ओवी जुळवली. "आता मोठी काकी. तिचा हात पयला." काकी उठली. असं चाललं. ती कोणाची पाळी ते सांगायची, मी शब्द जुळवायची. माझ्या देवाचं नाव तिच्या तोंडून आलं नाही आणि तिच्या देवाचं माझ्या. मधे एकदा मी फारच लांबण लावली, तर म्हणाली, "आटप गो, हलद वालली त्या पोरीच्या तोंडावर." तेव्हा कविता पहिल्यांदा हसली, आणि पिवळ्या गालांवरून पाणी वाहू लागलं.

सगळं झाल्यावर मांडव शांत झाला. योहानभाऊ एका खांबाशी उभे होते. हिराजी चांगुआयसमोर येऊन थांबले. तिकडं हे तिलाच विचारतात.

"आय, झाली का हलद?"

तिनं आधी पाटाकडं पाहिलं, चौकाकडं पाहिलं.  ती नाही म्हणाली असती तर तिथं कोणीच काही करू शकलं नसतं, मी नाही आणि भाऊही नाहीत.

"धवला झाला नाय," ती म्हणाली. "तो हतं मी बोलले नाय, तं झाला कसा म्हनू? पन मामाचा मान झाला, आयचा झाला, काकीचा झाला. हलद रीतीनं लागली. पोर सवाशीन व्हायला मोकली."

हिराजींनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. मग भावाला म्हणाले, "उभा काय? जेवनाचं बग."

दुसऱ्या दिवशी योहानभाऊंनी त्याच मांडवात, त्याच उंबराखाली लग्न लावलं. त्यांनी काना गावचं वचन वाचलं आणि "येशूलाही बोलावले होते" या ओळीवर ते थांबले. कविताचा हात हिराजींनी स्वतः निलेशच्या हातात दिला.

निघताना

निघायच्या दिवशी मी चांगुआयच्या पाया पडायला गेले. आपण माणसांच्या पाया पडत नाही म्हणतात, पण मी पडले. तिनं कागदात बांधून मूठभर जवळा दिला.

"एक सांगते, राग धरू नको," ती म्हणाली. "हलदीच्या दिशी फाटंला मी उठले नि माज्या घरात, दार लावून, अख्खा धवला बोलले. सगल्या देवांना बोलावलं त्या पोरीसाठी. तुज्या मांडवात नाय आनला कोनाला. पन मला झोपच लागंना. एकटा पुरंल काय तुजा, पोरीचा जल्म काढायला?"

 पुरेल असं मी मानते, त्यावरच मी जगते. पण ज्या म्हातारीला आम्ही येऊ नको म्हटलं, ती अंधारात उठून त्याच पोरीसाठी घसा कोरडा करत होती, तिला मी कुठलं वचन दाखवणार होते? मी तिचा हात धरून बसले. "मीही तिच्यासाठी रोज मागणं करीन," एवढंच म्हणाले. "कर," ती म्हणाली. "इसरू नको म्हंजे झालं."

रिक्षात योहानभाऊ माझ्याबरोबर अलिबागपर्यंत आले. त्यांनी विचारलं, म्हातारी काय म्हणाली. लपवावं असं एकदा मनात आलं, पण मी सगळं सांगितलं. मला वाटलं ते चिडतील. ते बाहेर पाहत राहिले. नारळीच्या बागा गेल्या, शेतं गेली.

"एवढी वर्षं मी इथं आहे," ते म्हणाले. "तिच्या दारावरून रोज जातो. तिला काय सांगायला हवं होतं मी?"

मी सहावी शिकलेली, त्यांना काय सांगणार. पण त्यांनी खरंच विचारलं होतं, म्हणून जे वाटलं ते बोलले. "उद्या जाऊन तिच्या अंगणात बसा, भाऊ. सांगू काही नका. कविताच्या हळदीला कोणकोणत्या देवांना बोलावलंत, ते तिला विचारा, आणि ती सांगेल ते सगळं ऐका."

"आणि मग?"

"मग ती तुम्हाला विचारेल."